पत्ररूप कादंबरी आणि ‘इंदू काळे व सरला भोळे’

गेल्या श्रावणात काही कामानिमित्त लासुर्ण्यास दोन दिवस राहण्याचा योग आला. बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आषाढात तुकोबांची पालखी बेलवडीचे रिंगण आटोपून ह्याच वाटेने अंथुर्ण्याकडे जाते, आणि पुढे हंगाम सुरू झाला की ह्याच वाटेवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो ते शेती पाहणारे गृहस्थ. त्यांच्या सूनबाई पदवीधर, आणि घरात वडीलधारे माणूस म्हणजे त्यांच्या ऐंशी उलटलेल्या मातोश्री. आजीबाईंची दृष्टी अलीकडे अधू झाल्यामुळे रोज रात्री सूनबाई त्यांना काही ना काही वाचून दाखवितात, आणि ते ऐकावयास हळूहळू सारे घर गोळा होते असे कळले. “पोथ्या वाचून झाल्या,” सूनबाई आम्हांस म्हणाल्या; “आता सर्वांना ऐकता येईल अशी एखादी जुनी, चांगली मराठी कादंबरी सांगा.”

आम्ही फारसा विचार न करता वामन मल्हार जोशी ह्यांच्या ‘इंदू काळे व सरला भोळे’ ह्या कादंबरीचे नाव सांगितले, आणि ती संपूर्णपणे पत्रांतून लिहिलेली आहे हेही सांगितले. त्यावर सूनबाईंनी एक मोठा रास्त प्रश्न केला: “सगळी पत्रेच? मग गोष्ट कोण सांगतो?”

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच आजीबाई बोलू लागल्या. त्यांचे माहेर भीमेपलीकडचे. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची पत्रे गावातले मास्तर लिहून देत, आणि इकडे ती पोस्टमनच्या हातून थोरल्या दिरांच्या हाती पडत. दीर ओसरीवर बसून ती मोठ्याने वाचीत. सासू, नणंदा, गडीमाणसे सगळे ऐकत, आणि ह्या दाराआड उभ्या राहून ऐकत. “सारे क्षेम आहे, काळजी करू नये, वडिलांच्या आज्ञेत राहावे, एवढेच असायचे त्यात,” आजीबाई म्हणाल्या. “आईला जे लिहायचे होते, ते काही कधी पत्रात आले नाही.”

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आम्हांस नीट देता आले नाही. ते येथे देण्याचा विचार आहे. मात्र आजीबाईंचे बोलणे ऐकल्यापासून त्या प्रश्नाला दुसरा एक प्रश्न चिकटून बसला आहे. पत्र कोणी लिहावे, कोणी वाचावे आणि कोणी फोडू नये, हा तो प्रश्न. पत्ररूप कादंबरीचा सारा इतिहास ह्याच प्रश्नाभोवती फिरतो असे आमचे मत आहे.

मराठी वाङ्मयात पत्राचा प्रवेश फार जुना आहे. आणि गमतीची गोष्ट ही की, ज्या पत्राची कथा आपण लहानपणी प्रथम ऐकतो ते पत्र कोरे होते. चांगदेव योगी ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास बसले. वयाने आपण वडील, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते श्रेष्ठ. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर ते वयाने पोर. मायनाच सुचेना, तेव्हा त्यांनी कोराच कागद पाठविला, अशी आख्यायिका आहे. त्या कोऱ्या पत्राचे पासष्ट ओव्यांचे उत्तर म्हणजे ‘चांगदेवपासष्टी’. कथेची सत्यासत्यता बाजूस राहो. पत्राचे मर्म तिने अचूक पकडले आहे. लिहिणारा आणि वाचणारा ह्यांचे नाते ठरल्यावाचून पत्राची पहिली ओळदेखील लिहिता येत नाही. ग्रंथकार अज्ञात वाचकांच्या समुदायाला उद्देशून लिहितो. पत्र लिहिणाऱ्यासमोर एकच चेहरा असतो, आणि त्या चेहऱ्याप्रमाणे त्याचा स्वर बदलतो. एकच मनुष्य वडिलांस लिहिताना निराळा असतो आणि मित्रास लिहिताना निराळा. कादंबरीकाराच्या हाती ह्याहून मोठे साधन कोणते द्यावे?

दुसरे प्रसिद्ध पत्र रुक्मिणीचे. भागवतात सात श्लोकांत आलेला हा निरोप एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त फुलविला. हा ग्रंथ १५७१ मध्ये काशीस पुरा झाला. भावाने शिशुपालाशी लग्न ठरविले असता घरातल्या कोणासही न विचारता एक मुलगी परपुरुषास पत्र लिहिते, ते विश्वासू ब्राह्मणाच्या हाती गुप्तपणे पाठविते, आणि मला येऊन घेऊन जा असे त्यात स्पष्ट सांगते. हीच पोथी उपवर मुलींनी वाचावी, म्हणजे लग्न लवकर जमते, अशी चाल महाराष्ट्रातल्या घराघरांत पडली. लासुर्ण्याच्या आजीबाईंनीही ती लग्नाआधी दुसऱ्याकडून वाचवून ऐकली होती. ज्या घरात रुक्मिणीच्या पत्राची पूजा होई, त्याच घरात घरच्या मुलीचे साधे पत्रही वडीलधारे आधी फोडून पाहत, ह्यातली विसंगती आमच्या पूर्वजांच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही. त्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला, एवढेच.

पुढे मराठ्यांच्या राज्यात पत्रलेखन हा एक शास्त्रशुद्ध व्यवसाय झाला. कोणास कोणता मायना लिहावा, ‘दंडवत’ केव्हा, ‘आशीर्वाद’ केव्हा, ‘बहुत काय लिहिणे’ कोणी लिहावे आणि ‘जाणिजे’ कोणी, ह्याचे नियम चिटणिसांना तोंडपाठ असत. ही सारी कागदपत्रे पुढे वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, सरदेसाई प्रभृतींच्या परिश्रमांनी बाहेर आली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० पासून पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. आम्ही विद्यार्थिदशेत तो खंड इतिहासाचे साधन म्हणून हाती घेतला आणि तीन रात्री कादंबरीसारखा वाचला, हे कबूल करण्यास हरकत नाही. उत्तरेत अडकलेले भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांस एकामागून एक पत्रे लिहीत आहेत: पैसा पाठवा, धान्य पाठवा, अब्दालीची रसद मारा. लिहिणाऱ्याला पुढचे काही ठाऊक नाही. वाचणाऱ्याला सर्व ठाऊक आहे. गोविंदपंत १७६० च्या डिसेंबरात मारले जाणार आहेत, आणि १४ जानेवारी १७६१ हा दिवस जवळ येत चालला आहे. त्यामुळे त्या पत्रांतला रोजचा रुक्ष मजकूर, अमुक इतके स्वार, तमुक इतके रुपये, वाचतानाही छाती धडधडते. युद्ध संपल्यावर निवांतपणे लिहिलेल्या कोणत्याही बखरीत ही धडधड नाही. बखरकाराला शेवट माहीत असतो, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द शेवटाकडे तोंड करून उभा असतो. पत्राला उद्या माहीत नसते.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळता येईल. पत्ररूप कादंबरीत गोष्ट कोणीच सांगत नाही. ती घडत असताना, घडणाऱ्यांच्याच हातून, तुकड्यातुकड्यांनी कागदावर पडते, आणि ते तुकडे जोडण्याचे काम वाचकाकडे येते. राजवाड्यांनी जे पानिपताच्या बाबतीत केले, तेच अशा कादंबरीच्या वाचकाला एका घराच्या बाबतीत करावे लागते. दोन पत्रांत एकाच प्रसंगाच्या दोन हकीकती आल्या, तर खरी कोणती हे त्याने ठरवावयाचे. मध्येच एखाद्या पत्राला उत्तर आले नाही, तर ते का आले नाही हेही त्यानेच ताडावयाचे. मराठी वाचकाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. आपला इतिहासच आपल्याला पत्रांतून मिळाला आहे.

कादंबरीच्या रूपाने हे तंत्र प्रथम भरभराटीस आले ते मात्र युरोपात, आणि त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. सॅम्युअल रिचर्डसन हा लंडनातला एक सालस, थोडासा सोवळा छापखानेवाला. त्याचा जन्म १६८९ चा. तेरा वर्षांचा असताना शेजारच्या मुली आपल्या प्रियकरांस पाठवावयाची पत्रे ह्याच्याकडून लिहवून घेत. कोणाला रागावून लिहावयाचे असे, कोणाला राग सोडून. एकीचे गुपित दुसरीस न सांगण्याबद्दल त्याची ख्याती होती. पुढे पन्नाशीच्या आगेमागे दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्यास सामान्य लोकांकरिता नमुन्याच्या पत्रांचे एक पुस्तक लिहावयास सांगितले. वडिलांनी मुलीस कसे लिहावे, नोकरीत असलेल्या मुलीने घरी कसे लिहावे, असे त्याचे स्वरूप. ते लिहितालिहिता नोकरीतल्या एका मुलीच्या पत्रांत तो असा गुंतला की, ते पुस्तक बाजूस राहिले आणि १७४० मध्ये ‘पामेला’ ही कादंबरी बाहेर पडली. तिची नायिका पंधरा वर्षांची मोलकरीण. धनी तिच्यावर डोळा ठेवून असतो, तिची पत्रे अडवितो, फोडून वाचतो. ती बिचारी आपले कागद वस्त्रांत शिवून लपविते. शेवटी ती पत्रे वाचूनच त्या धन्याचे मन पालटते. हा शेवट आम्हांस कधीच फारसा पटला नाही. हेन्‍री फील्डिंगलाही तो पटला नव्हता. त्याने दुसऱ्याच वर्षी त्याचे विडंबन करून टाकले. परंतु सात-आठ वर्षांनी, १७४७–४८ मध्ये, रिचर्डसनने ‘क्लॅरिसा’ लिहिली. तीत घरच्यांनी कोंडून ठेवलेली मुलगी आपल्या मैत्रिणीस चोरून पत्रे लिहिते, आणि त्या मैत्रीच्या आधारावर एक अफाट शोकांतिका उभी राहते. तिचे खंड एकेक करून बाहेर पडत असता क्लॅरिसाला मारू नका म्हणून वाचक स्त्रिया ग्रंथकारास विनवण्या करू लागल्या. त्याने ऐकले नाही. ते योग्यच झाले.

ह्यानंतर रूसोची ‘जूली’ १७६१ मध्ये आणि तरुण गटेची ‘वेर्थर’ १७७४ मध्ये आली. ‘वेर्थर’ मध्ये पत्रे एकाच बाजूची आहेत. उत्तरे आपल्याला दिसत नाहीत, आणि त्यामुळेच त्या तरुणाचा एकटेपणा अंगावर येतो. पुढे हे तंत्र हळूहळू मागे पडले. जेन ऑस्टेनने पत्ररूपाने सुरू केलेली एक कादंबरी नंतर सरळ निवेदनाच्या रूपात नव्याने लिहिली. तीच पुढे ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ झाली. सर्वज्ञ निवेदकाची सोय एकदा हाती आल्यावर पत्रांचा खटाटोप कोण करणार? आपल्या देशात मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हे तंत्र एकाएकी निरनिराळ्या भाषांत उगवलेले दिसते. बंगालीत नझरुल इस्लाम ह्यांची ‘बाँधन हारा’, हिंदीत ‘उग्र’ ह्यांची १९२७ मधील ‘चंद हसीनों के ख़ुतूत’, उर्दूत काझी अब्दुल गफ्फार ह्यांची ‘लैला के ख़ुतूत’, आणि मराठीत १९३४ ची ‘इंदू काळे व सरला भोळे’. ह्यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असे म्हणण्यास आधार नाही. आम्हांस ह्याचे कारण टपालखात्यात आणि मुलींच्या शाळांत सापडते.

१८५४ मध्ये हिंदुस्थानात पत्राचा दर अंतर न पाहता सर्वत्र सारखा करण्यात आला. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले. हे कार्ड गरिबांचे वाहन झाले. पण ते उघडे. पोस्टमनपासून ओसरीपर्यंत सर्वांनी वाचावे असे. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे ते वाचण्याआधीच घरात रडणे सुरू होई. बंद पाकिटाला दाम अधिक लागे, आणि सुनेच्या नावे बंद पाकीट आले म्हणजे भुवया उंचावत त्या निराळ्याच. ज्या बायकांना अक्षरच येत नव्हते त्यांनी आपले खरे पत्र जात्यावर म्हटले. माहेरच्या भावाला, आईला, वारीस जाणाऱ्या शेजारणीमार्फत विठ्ठलाला त्या ओव्यांतून जे सांगत ते कोणा दिराच्या हाती पडण्याची भीती नव्हती. पुण्याच्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने अशा लक्षाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. ह्या संग्रहाला आम्ही मनातल्या मनात निरक्षर स्त्रियांचा पत्रव्यवहार असेच म्हणतो.

लिहू लागलेल्या स्त्रीचे पत्र काय करू शकते ह्याचे उदाहरण आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यातच नोकरीस होते. पत्नीच्या शिक्षणासंबंधी त्यांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापले गेले, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या सौ. कार्पेंटर ह्यांनी ते दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असताना वाचले. १८८० मध्ये दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. तेव्हा आनंदीबाई पंधरा वर्षांच्या होत्या. दोघींनी एकमेकींस पाहिलेले नव्हते. तरी १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या समुद्र ओलांडून गेल्या त्या ह्या पत्रांनी जोडलेल्या ‘मावशी’कडे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, वारल्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले ते मुख्यतः ह्या पत्रांच्या आधारे. मराठीतली पहिली खरी पत्ररूप कादंबरी कोणती असे कोणी आम्हांस एकांतात विचारले, तर आम्ही ह्या चरित्राचे नाव सांगू. ते कल्पित नाही, एवढाच त्याचा दोष.

वामन मल्हार जोशी ह्यांच्याकडे येण्यास आम्हांस विलंब झाला खरा; पण ही सर्व पार्श्वभूमी डोळ्यांपुढे नसेल, तर त्यांनी पत्रांचे तंत्र का उचलले हे कळत नाही. १८८२ मध्ये कुलाबा जिल्ह्यातल्या तळे गावी त्यांचा जन्म झाला. उच्च शिक्षण घेऊन ते कोल्हापुरास विजापूरकरांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात शिरले, आणि ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखापायी १९०८ मध्ये त्यांना तीन वर्षांची सजा झाली. पुढे त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत, हिंगण्याच्या महिला पाठशाळेत, अध्यापनात गेली. तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय. ‘नीतिशास्त्रप्रवेश’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणले. ‘रागिणी’, ‘आश्रमहरिणी’, ‘नलिनी’, ‘सुशीलेचा देव’ ह्या कादंबऱ्या आधी झाल्या होत्या. १९३० मध्ये मडगावच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘इंदू काळे व सरला भोळे’ निघाली तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. ‘पामेला’ निघाली तेव्हा रिचर्डसनचे एक्कावन्न. पत्ररूप कादंबरी पन्नाशीनंतरच लिहावी असा काही नियम नाही. पण चार प्रकारच्या माणसांच्या मनात शिरून प्रत्येकाची बाजू तिच्याच शब्दांत मांडण्यास जो सोशिकपणा लागतो, तो ह्या वयात अधिक असतो, असे ह्याच वयातून जात असल्यामुळे आम्हांस म्हणावेसे वाटते.

कादंबरीचे कथानक आम्ही सांगणार नाही. पत्ररूप कादंबरीचे कथानक आधीच सांगणे म्हणजे दुसऱ्याचे पत्र फोडून त्याच्या हाती देण्यासारखेच आहे. इतकेच सांगतो की, शीर्षकातली दोन नावे दोन स्त्रियांची आहेत, आणि पत्रे लिहिणारी माणसे त्या काळच्या सुशिक्षित मध्यम वर्गातली आहेत. कला आणि नीती ह्यांचे नाते काय? कलावंताला जे क्षम्य ते इतरांस का नाही? विवाह, प्रेम आणि कर्तव्य ह्यांत ओढाताण झाली तर कोणाचे ऐकावे? सुखवस्तू माणसावर भोवतालच्या समाजाचे ऋण किती? हे प्रश्न त्यांच्या पत्रांत येतात. ते त्या दिवसांत पुण्यामुंबईच्या हवेतच होते. फडके आणि खांडेकर ह्यांच्या निमित्ताने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला होता. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ निघून केवढा गदारोळ झाला होता हे सर्वश्रुत आहे. ते नाव घेणाऱ्या मालतीबाई बेडेकरही कर्व्यांच्याच संस्थेत शिकलेल्या. शिकलेल्या स्त्रीला मनातले लिहावयाचे तर नाव लपवावे लागे, असा तो काळ. त्याच्या पुढच्याच वर्षी वामनरावांनी दोन स्त्रियांची पूर्ण नावे, आडनावांसकट, ग्रंथाच्या मुखपृष्ठावर घातली. हा योगायोग असेल. तथापि आम्हांस तो अर्थपूर्ण वाटतो.

वामनरावांच्या बुद्धीची एक खोड प्रसिद्ध आहे. त्यांना प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसत, आणि दोन्ही खऱ्या वाटत. निबंधकाराला ही खोड जाचक होते, वाचक म्हणतो, “मग तुमचे मत काय?” ‘रागिणी’तही पात्रे वाद घालू लागली की कथा खोळंबते, आणि मध्ये उभा असलेला निवेदक कोणाकडे मान डोलवावी अशा पेचात पडलेला दिसतो. पत्ररूपात हा पेचच उरत नाही, कारण निवेदकच नाही. प्रत्येक बाजूला आपला वकील मिळतो, आणि वकिलास मध्ये कोणी अडवीत नाही. समोरासमोरच्या वादात प्रतिपक्षी दोन वाक्यांत तोंड बंद करतो. पत्रात मात्र दुर्बळ पक्षालाही आपले म्हणणे शेवटापर्यंत मांडता येते. आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते, हाही एक लाभच. सॉक्रेटिसाच्या संवादांच्या भाषांतरकाराला संवादाची ही मर्यादा जाणवली असावी, आणि म्हणून त्याने पत्र जवळ केले असावे, असा आमचा तर्क आहे. शिवाय येथे स्त्रियांना बोलण्याची मुभा मिळते. हरिभाऊंच्या यमूने १८९० च्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मध्ये आपली कहाणी स्वतः सांगितली होती, परंतु ती आत्मचरित्र सांगत होती. ऐकणारे ठरावीक असे कोणी नव्हते, आणि ग्रंथाचे नावच ती तक्रार करते. इंदू आणि सरला एकमेकींस लिहितात. लक्ष देणारे माणूस पत्राच्या दुसऱ्या टोकाला बसले आहे, ह्या भरवशावर लिहितात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मराठी कादंबरीतली स्त्री कोठून कोठे आली, हे मोजण्यास आम्हांस ह्याहून चांगले माप सापडत नाही.

ग्रंथात दोष आहेत, ते लपवून शिफारस करणे बरे नव्हे. पत्र म्हणून सुरू झालेला मजकूर मध्येच निबंध होतो. तत्त्वचर्चा सुरू झाली की लिहिणारे पात्र उठून जाते आणि खुर्चीवर प्राध्यापक येऊन बसतात. निरनिराळ्या पात्रांची लेखणी जितकी निराळी असावयास हवी तितकी ती सर्वत्र नाही. ज्याला स्वयंपाकघराचा धूर, पैशांची चणचण, शेतातली मोट पाहिजे त्याने दुसरे पुस्तक घ्यावे; येथली माणसे दिवसाकाठी बरेच विचार करतात आणि त्या मानाने घाम कमी गाळतात. १९३४ मध्ये लासुर्ण्यासारख्या गावात, नीरेच्या कालव्याचे पाणी येऊन पन्नासएक वर्षे झाली होती तरी, ह्या कादंबरीत चर्चिलेले प्रश्न परवडणारी घरे किती होती, हा प्रश्न मनात येतो. वामनरावांच्याही मनात तो येत असे, म्हणूनच समाजऋणाचा विषय त्यांना टाळता आला नाही. तथापि त्यांचा विनोद, त्यांची निर्मळ सहृदयता, आणि चुकणाऱ्या माणसाला न हिणवता त्याच्या चुकीचे कारण शोधण्याची त्यांची सवय ह्या दोषांना पुरून उरते. एखाद्या पात्राचा आपल्याला राग यावा आणि दोन पत्रांनंतर त्याच पात्राच्या हातचा मजकूर वाचून आपलीच लाज वाटावी, असा अनुभव आम्हांस ह्या ग्रंथात आला आहे, आणि दुसऱ्या वाचनातही आला. पहिल्या वेळी आम्ही बाजू घेतली ती एकाची होती. वीस वर्षांनी पुन्हा वाचताना दुसऱ्याची घेतली. ग्रंथ तोच.

तरुण वाचक म्हणतील की, आता पत्रेच कोण लिहितो? तारखाते २०१३ मध्ये बंद झाले, आणि घरगुती पत्राची तर आठवणही पुसट होत चालली. हे खरे आहे. पण दिवसभर मोबाइलवर एकमेकांस लिहिणाऱ्या पिढीला पत्ररूप कादंबरी दुर्बोध का व्हावी हे आम्हांस कळत नाही. उत्तर का आले नाही ही हुरहूर तिला आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आणि दुसऱ्याचा मजकूर कोणी वाचावा हा तंटाही जुना झालेला नाही. लासुर्ण्यास त्याच रात्री घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या नातीच्या फोनवरून बाप-लेकीत थोडी कुरबुर झाली. नातीचे म्हणणे, माझा फोन कोणी उघडू नये. बापाचे म्हणणे, लपविण्यासारखे काही नसेल तर दाखविण्यास हरकत काय? आम्ही पाहुणे; गप्प बसलो. आजीबाई मात्र नातीच्या बाजूने बोलल्या, आणि बरेच तिखट बोलल्या.

वाचण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द. ही कादंबरी एका बैठकीत संपवू नये. रोज रात्री दोन किंवा तीन पत्रे पुरेत. मध्ये एक दिवस गेला तर पत्राची वाट पाहिल्याचा गुण येतो. घरात वाचणारे दोघे असतील, तर पत्रे लिहिणारांप्रमाणे वाटून घ्यावीत. प्रत्येक पत्राचा मायना आणि शेवटची सही मोठ्याने वाचावी, गाळू नये. नाती बदलू लागली की प्रथम तेथेच कळते. चर्चा फार लांबली तर ते पत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे, पण टाकून पुढे जाऊ नये, कारण पुढची गाठ बहुधा तेथेच मारलेली असते. वामनराव २० जुलै १९४३ रोजी वारले, त्यामुळे त्यांच्या ग्रंथांवरील स्वामित्वाची मुदत केव्हाच संपली आहे. छापू इच्छिणाऱ्यास अडचण नाही. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत शोधल्यास प्रत हाती लागण्याचा संभव आहे. बाइंडिंग सुटलेले असल्यास पत्रांचा क्रम तपासून घ्यावा. आमच्या प्रतीत दोन पत्रांची जागा उलटी बांधली गेली आहे, आणि कित्येक वर्षे आम्ही उत्तर आधी व प्रश्न मागाहून असेच वाचीत होतो.

ती प्रत आम्ही गेल्या आठवड्यात टपालाने लासुर्ण्यास पाठविली आहे. पाकिटावर नाव आजीबाईंचे घातले आहे.